वरच्या चार टोप्या

माझं नाव सुमन. माहेर माझं नवापूरच्या अलीकडं, डोंगराला लागून, गावाचं नाव सांगितलं तरी तुम्हाला ठावूक नसनार ताई, तीस-चाळीस घरं आन बाकी सगळा मका. आम्ही तिघी बहिनी, भाऊ नव्हता, पन काकाचा मुलगा रामदास आमच्याच घरात वाढला, त्याची माय लवकर गेली म्हनून, तर तोच आमचा भाऊ, मला तर चुलत आन सख्खं हे सासरी आल्यावर कळलं. आन घरात व्हती बंदूक. आता बंदूक म्हनलं की इथं शहरातली मानसं डोळे मोठे करतात, काय सांगू तुम्हाला, तसं काही नव्हतं हो, ठासनीची बंदूक, परवान्याची, पिकाच्या राखनीसाठी. आधी आजाच्या नावानं व्हती, मग बापाच्या, आन बाप गेल्यावर आम्ही तिघींनी सह्या केल्या आन रामदास भाऊच्या नावानं झाली. डुकरं यायची मक्यात. एक कळप शिरला की सकाळी शेत बघवत नाही, असं वाटतं कोनी लोळून गेलं.

तर ती बंदूक वरून ठासायची. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, आन गजानं दाबायचं. आन मागं घोड्याच्या खाली एक पोकळ खुंटी असती, बारकी, करंगळीच्या नखाएवढी, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की टोपी फुटती, तिची ठिनगी खुंटीतून आत जाती, आन मग बार. म्हनजे सगळं त्या टोपीवर. बापाची बोटं जाड, नांगराची, त्याच्या बोटात टोपी सापडायची नाही, म्हनून तो मला हाक मारायचा. मी सात-आठ वर्षांची. मीच बसवायची. बाप सांगायचा, दाबावी लागली तर ती टोपी आपली नाही, हलली तर ती पन आपली नाही. घट्ट टोपीवर घोडा पडला की पहिल्या ठोक्याला ती नुसती खाली बसती, फुटती दुसऱ्या ठोक्याला, आन डुक्कर काही दुसऱ्या ठोक्याची वाट बघत नाही. सैल असली तर चालता चालता गळून पडती, कळत पन नाही. काही लोक सैल टोपी बोटानं चिमटून घट्ट करतात, बापाला ते खपायचं नाही, चिमटलं की कड फाटती आन बार झाला की तुकडा डोळ्यात. हे सगळं मी तवाच शिकली. शिकली असं नाही, बोटालाच कळायला लागलं.

लग्न झालं सतराव्या वर्षी आन सुरतला आली, नवागामला, तवापासून इथंच. हे लूमवर. लूमच्या आवाजानं यांचे कान गेले, आता घरात बोलतात तरी शेजारच्यांना वाटतं भांडन चाललंय. दोन मुली. मी घरी साड्यांचे धागे कापायची, आमच्या गल्लीत सगळ्याच कापतात, गठ्ठा येतो, कापायचा, गठ्ठा जातो. मग कोनीतरी सांगितलं की जुन्या बाजारात एका दुकानात झाडू-पोत्याला, म्हनजे केर-फरशीला, बाई पाहिजे. गेली. बघते तर बंदुकीचं दुकान. मला हसूच आलं.

शेठ गुजराती, वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मानूस शांत, आवाज कधी चढला नाही. मला बेन म्हनायचे. मी झाडायची, पुसायची, काचा पुसायची, चहा ठेवायची, एवढंच काम. त्यांचा धंदा काडतुसांचा, साफसफाईच्या तेलाचा, मोठमोठ्या बंदुका. ठासनीच्या बंदुकीवाले यायचे ते सगळे लांबचे, सोनगड, व्यारा, डांग, आमच्या बाजूचे पन, परवाना घेऊन, बंदूक गोनपाटात गुंडाळून. शेठला त्यातलं काही समजायचं नाही. डब्यावर नंबर बघायचा आन द्यायचा. एक दिवस एक म्हातारा आला, शेठनं दिली डबी, मी पोतं मारत व्हते, माझ्यानं राहवलं नाही, मी म्हनलं, काका, ही नाही बसनार. शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी हात पुसले, म्हाताऱ्याच्या बंदुकीची खुंटी बघितली, घासून घासून निमुळती झालेली, आन दुसऱ्या डबीतली टोपी घेऊन बसवली. अंगठ्यानं सरकन गेली आन तळाला टेकली. म्हातारा म्हनला, ही बाई कुठं व्हती इतके दिवस?

तवापासून ते काम माझं. पगार झाडूचाच, पन ते जाऊ द्या. लोक यायचे आन शेठला विचारायचे, टोपीवाली बाई आहे का? नसली तर बसून राहायचे. डब्यावरचा नंबर एकच असला तरी दोन कंपनीच्या टोप्या सारख्या नसतात, आन दोन बंदुकीच्या खुंट्या तर कधीच सारख्या नसतात, म्हनून मी प्रत्येकाची बंदूक हातात घ्यायची. रिकामी आहे का आधी बघायची, गज घालून. मग मागच्या अंगनात खिळ्याला साडीची एक कातरन टांगून ठेवली व्हती, नळीचं तोंड तिच्यापुढं धरायचं आन नुसती टोपी फोडायची. कातरन उडाली म्हनजे ठिनगीची वाट मोकळी. अशा डबीतल्या वरच्या चार टोप्या मी फोडून बघायची. चारी पहिल्या ठोक्याला फुटल्या की डबी द्यायची. अकरा वर्षं, ताई, एक मानूस तक्रार घेऊन आला नाही.

शेठ मला घरच्यासारखं वागवायचे, ते खोटं सांगनार नाही. माझ्या डब्यातली भाकर आन ठेचा मागून खायचे, डोळ्यातून पानी काढत खायचे. मोठीच्या लग्नाला आले, पंगतीत खाली बसून जेवले, आमच्या गल्लीतली मानसं अजून ते सांगतात. म्हनून तर. परक्यानं केलं असतं तर मी इतकी बोलली पन नसती.

झालं असं की एका गावचं असंच दुकान बंद पडलं आन शेठनं तिथला माल घेतला. त्यात टोप्यांचा एक खोका. मी उघडला. टोपीच्या आत जो मसाला असतो त्याच्यावर बारीक लाखेचा थर असतो, चकचकीत, तो पार उठून गेलेला, आन तांब्याला हिरवं चढलेलं, देवाची भांडी वर्षभर घासली नाहीत तर चढतं तसं. मी चार फोडून बघितल्या, एक फुटली, ती पन फुसकी, कातरन हलली सुद्धा नाही. मी शेठला सांगितलं, हा खोका फेकायचा, यातली एक पन कोनाला द्यायची नाही, शेतात मानूस एकटा असतो. शेठ म्हनले, सारू बेन, काढी नाखीशुं. काढून टाकू असं. मग मला विचारलं, तू प्रत्येक डबीतल्या किती बघतेस? मी म्हनलं, वरच्या चार. म्हनले, चारच का? मी म्हनलं, शेठ, डबीतल्या सगळ्या एकाच दिवशी बनलेल्या असतात, चार चांगल्या तर सगळ्या चांगल्या. त्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं, ताई. मला वाटलं इतक्या वर्षांनी शेठ शिकू राहिले.

त्यानंतर चार-पाच महिने टोप्या येनंच बंद झालं. का ते मला माहीत नाही, वरूनच येत नाहीत म्हनायचे. लोक यायचे आन रिकाम्या हातानं जायचे. मग एका सोमवारी मी गेली तर फळीवर नव्या डब्या, ओळीनं, झाकनावर नवा कागद. शेठ म्हनले, नवो माल आव्यो. मी तर खूश झाली, दोघा-तिघांना कोनाकडून तरी निरोप पन पाठवले.

आन त्याच आठवड्यात रामदास भाऊ आला. मका निसवलेला, डुकरांचा त्रास सुरू झालेला. बंदूक घेऊन आला, आमच्या बापाची बंदूक, दस्त्यावर बापाच्या हाताचा काळा डाग तसाच. तिची खुंटी मला डोळे मिटून ठावूक. मी डबी काढली, वरच्या चार घेतल्या, अंगनात गेलो, चारी फुटल्या, कातरन चारी वेळा उडाली. रामदास भाऊ म्हनला सुद्धा, कसाले येळ घालस बेन, तू दिनी म्हनजे झायं. कशाला वेळ घालवतेस, तू दिली म्हनजे झालं, असं. मग घरी आनला, भाकर खाऊ घातली, मुलींसाठी त्यानं शेंगा आनल्या व्हत्या. दुपारच्या पॅसेंजरनं गेला.

बारा-तेरा दिवस झाले असतील. धाकट्या बहिनीचा फोन आला की रामदासला डुकरानं फाडलं, दवाखान्यात आहे, मांडीपासून गुडघ्यापर्यंत. मला वाटलं दारू ओली झाली असंल, छर्रे कमी भरले असतील. टोपीचं माझ्या मनात सुद्धा आलं नाही, शपथ घेते. मी जायची तयारीच करत व्हते तर दुसऱ्या दिवशी दुकानात वहिनी आली, रामदासची बायको, आन तिच्याबरोबर तिचा भाऊ. वहिनीनं पदराची गाठ सोडली आन ती डबी काउंटरवर ठेवली.

वहिनी रडली नाही. तिनं सरळ सांगितलं. सकाळी ऊन पडल्यावर हा बांधावर गेला, एक मोठा नर मक्यातून बाहेर आला, यानं घोडा ओढला, घोडा पडला, काहीच नाही. दुसरी टोपी लावली, काहीच नाही. तिसरी लावू राहिला तवर तो अंगावर आला. शेजारच्या शेतातल्या मानसांनी आरडाओरडा केला म्हनून वाचला. वहिनी म्हनली, ते अजून एकच म्हनतात, सुमननं दिल्या व्हत्या, सुमननं दिल्या व्हत्या, मग असं कसं झालं?

मी वर्तमानपत्र पसरलं आन डबी उलटी केली. तीन-चार टोप्या तेवढ्या लाल, चकचकीत. आन बाकीच्या, गाडीत हलून त्यांच्यात मिसळलेल्या, ताई, हिरव्या. लाख उठलेली. मी त्या बघितल्या आन ओळखल्या, आईला आपलं पोर ओळखू यावं तशा ओळखल्या, त्या खोक्यातल्याच. मी शेठकडं बघितलं. शेठ गल्ल्यावर बसले व्हते. मी म्हनलं, शेठ, ह्या त्या टोप्या.

शेठ म्हनले, कई टोपी, बेन?

कोनती टोपी. असं विचारलं त्यांनी मला. शांत आवाजात, चहा पाहिजे का विचारावं तसं. आन मग वहिनीकडं वळून हिंदीत बोलले, की टोप्यांचं सगळं हीच बघती, मी तर हात पन लावत नाही, दुकानातल्या कोनालाही विचारा, आन ही तुमचीच आहे ना, घरची, हिलाच विचारा. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी फळीकडं गेली, दुसरी डबी उघडली, तिसरी उघडली, सगळ्यात तसंच, वर सात-आठ चांगल्या आन खाली त्या. शेठ उठले, माझ्या हातातून डबी घेतली, फळीला कुलूप घातलं आन किल्ली खिशात. वहिनी तवर पायरी उतरून गेली व्हती. तिनं काय बघितलं, काय नाही बघितलं, मला माहीत नाही.

ती गेल्यावर मी शेठला विचारलं, एकदाच विचारलं, का केलं असं? ते कुलपाकडं बघत म्हनले, माल पड्यो हतो बेन, कोई मरी तो नथी गयुं. माल पडून व्हता आन कोनी मेलं तर नाही ना. मी त्यांना माझी रीत सांगितली व्हती, चारच का बघतेस ते सांगितलं व्हतं, आन त्यांनी माझ्या रीतीच्या मापानं डबी भरली. चारच्या जागी सात-आठ टाकल्या, मला संशय नको म्हनून. बसून भरल्या असतील एकेक. त्याच हातानं माझी भाकर मोडून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी फळी रिकामी, धुतल्यासारखी. मी घरी यांना सांगितलं, आपन चौकीत जाऊ. हे म्हनले, काय सांगशील, कागदावर तू झाडूवाली, झाडूवालीनं टोप्या विकल्या म्हनून तुलाच आधी आत टाकतील, आन ती डबी कुठं आहे आता? डबी काउंटरवरच राहिली व्हती. ती पन गेलेली. हे इतक्या जोरानं बोलत व्हते की सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी पदर डोक्यावर घेतला आन आत गेली. दुकानाची पायरी मग परत चढली नाही. दिवाळीत शेठनं मानूस पाठवला, मिठाईचा पुडा घेऊन. मी दारातूनच परत पाठवला. त्या मानसाचा काय दोष, तो बिचारा उन्हात उभा, त्याला पानी दिलं आन पुडा दिला परत.

रामदास भाऊकडं मी गेली, घरी आनल्यावर. मला वाटलं, याला सगळं खरं सांगायचं, हा ऐकंल. तो ओसरीत खाटेवर, पाय उशीवर. मी पायाशी बसली आन सांगितलं सगळं, खोका, हिरव्या टोप्या, शेठनं काय विचारलं, वर चांगल्या कशा ठेवल्या, सगळं. संपल्यावर त्यानं विचारलं.

बेन, टोप्या तूच दिन्यात ना?

मी म्हनलं, हो, मीच दिन्यात.

तो म्हनला, मी शेठले नही वयखस. मी तुले वयखस.

शेठला ओळखत नाही, तुला ओळखतो. एवढंच. आन भिंतीकडं तोंड केलं. खोटं कुठं बोलला तो, ताई? शेठकडून त्यानं काही घेतलंच नव्हतं, त्यानं घेतलं माझ्या हातातून. मी येताना पूर्ण रस्ता, पूर्ण गाडीत, तेच. शेठनं मला फसवलं, ते मी कोनालाही सांगू शकते, पन रामदासच्या हिशोबानं त्याला फसवलं ते मी. आन वहिनीनं मला चहा दिला व्हता, त्यात साखर नव्हती. विसरली असंल, घरात आजारी मानूस. मी तो पिली.

आता तीन वर्षं झाली. रामदास भाऊ काठी घेऊन चालतो, शेतात जातो, असं बहीन सांगती. त्याच्या मुलीचं लग्न झालं तवा पत्रिका आली, पन यांच्या नावानं, पोस्टानं, शिक्का मारलेली. आम्ही गेलो नाही. मी परत धागे कापते, ही बघा कात्री, बोटाला घट्टा पडला. धाकटी म्हनती, आई, तू दुसऱ्या दुकानात जा ना, तुला येतं. येतं तर खरं. पन एवढ्या जवळच्या मानसानं वरून लाल दाखवून खाली हिरवं ठेवलं, तर आता मला भाजीवालीची टोपली पन हलवून बघावी वाटती. मुलगी हसून बोलली तरी मी विचार करते, हिला काय पाहिजे. ही सवय चांगली नाही, मला कळतं.

मागच्या महिन्यात सोनगडकडचा एक म्हातारा, गामीत आदिवासी, आला शोधत शोधत, नवागामच्या गल्ल्या विचारत. परवाना दाखवला, बंदूक दाखवली, डबी दाखवली, दुसऱ्या कोनत्या गावातून घेतलेली. म्हनला, तुझ्या शेठला मी विचारलं, ती बाई कुठं गेली, तर त्यानं सांगितलं की तिची नजर गेली, तिनं चुकीच्या टोप्या दिल्या, एका मानसाचा पाय गेला, म्हनून काढून टाकली. म्हातारा म्हनला, मला ते पटलं नाही म्हनून आलो. साडीचा गठ्ठा बाजूला सारला, पांढरा कपडा पसरला, आन सगळी डबी ओतली. शंभर टोप्या. एकेक उचलून उजेडाला धरली, आत बघितलं, कड बघितली, बंदुकीच्या खुंटीवर बसवून बघितली आन काढली. दुपार झाली. म्हातारा दारात बसून विड्या ओढत व्हता, एकदा पन घाई केली नाही. अकरा टोप्या मी बाजूला काढल्या. त्या घेऊ नका म्हनलं. बाकीच्या माझ्या हातानं मोजून परत भरल्या. तो पैसे द्यायला लागला, मी नाही घेतले, म्हनलं, जंगलात सुखरूप राहा बाबा, लेकरांत परत या.

शेठला मी शिव्या देत नाही. त्यांचं दुकान चालू आहे, चालू द्या. पन ते कधी ह्या दारात आले आन सुमनबेन माफ कर म्हनले, तर माझ्याकडं ते द्यायला नाही. खरंच नाही, आत शोधलं तरी सापडत नाही.

राखी मी रामदास भाऊला दरवर्षी रजिस्टर पोस्टानं पाठवते. तो बांधतो का ते मला माहीत नाही, बहिनीला विचारायची हिंमत होत नाही. पाकीट परत आलं नाही एकदा पन. म्हनजे कोनीतरी दारात सही करून घेत असंल ना, ताई? घेऊ द्या. त्याचा दुसरा पाय देवानं धड ठेवावा, एवढंच मागते. तुम्ही बसा, चहा ठेवते.